पाहुणा, वेठ आणि दर

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. भात कापून खळ्यावर आलं होतं, झोडणी चालू होती. संध्याकाळी मुंबईची आठ पोरं-पोरी पाठीला मोठमोठ्या पिशव्या लावून आमच्या दारात उभी राहिली. गंभीरगड चढून आली होती, उतरताना वाट चुकली, अंधार पडायला आला. त्यातल्या एका पोरीने विचारलं, "काका, इथे कुठे राहायची सोय होईल का?"

सोय म्हणजे काय, आमचं घर. माझ्या पुतण्याने ओटा झाडला, आईने चुलीवर भात चढवला. उडदाची आमटी, तांदळाची भाकर, सुक्या मासळीची चटणी. पोरं जेवली, ओट्यावर ओळीने झोपली. सकाळी निघताना त्या पोरीने पुन्हा विचारलं, "काका, किती द्यायचे?" मी काही बोलायच्या आत आई आतून म्हणाली, "पावण्याकडून पैसा घ्यायचा? मंग तो पावणा कसला?" पोरं कानकोंडी झाली. जाताना कुणीतरी हळूच कणगीच्या काठावर हजार रुपये ठेवून गेलं. ते दुपारी सापडले, आणि तिथून आमच्या घरात भांडण सुरू झालं.

पुतण्या म्हणाला, "काका, आता असे ट्रेकवाले दर शनिवारी येणार. आपण पाटी लावू. राहायचे इतके, जेवायचे इतके." आईने ते ऐकलं आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. मी निवृत्त मास्तर. घरातल्या भांडणात मास्तराने निवाडा करावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मला निवाडा करता येईना. म्हणून मी आठवायला बसलो, की आमच्या या घरात आजवर कोण कोण येऊन राहिलं, आणि कसं राहिलं. हा लेख त्या आठवणींतून झालेला आहे.

आधी घर सांगतो. डहाणू तालुक्याच्या पूर्वेला, कासा सोडून सायवनकडे निघालं की डोंगर जवळ येत जातात. तीच वाट पुढे उधव्यावरून तलासरीला जाते. आमचा पाडा त्या वाटेच्या आत, गंभीरगडाच्या बाजूला. आज डांबरी सडक आहे. माझ्या लहानपणी पायवाट होती आणि पावसाळ्यात तीही नसायची. शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून १९५८ आहे. आमच्यातल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जूनच आहे, कारण मास्तर शाळा उघडायच्या सुमाराची तारीख टाकून मोकळे होत. खरी तारीख आईलाही माहीत नाही. ती म्हणते, "नागली लावत होतो तवा तू झाला."

घर कुडाचं. सागाचे खांब, कारवीच्या काठ्या एकाला एक लावून विणलेल्या भिंती, त्यावर शेणमातीचा लेप. वर पूर्वी गवत आणि सागाची पानं, आता कौलं. आत एकच मोठी जागा. एका अंगाला चूल, एका अंगाला भाताची कणगी, कोपऱ्यात देव, दाराजवळ बकऱ्या, डालग्याखाली कोंबड्या. वाटेवरून जाणाऱ्याला थांबायला दुसरं काही नव्हतं. धर्मशाळा देवस्थानाला, डाकबंगला साहेबाला. बाकी सगळ्यांना आमच्यासारख्यांची घरं.

पण थांबणारे सगळे सारखे नव्हते.

माझी आजी सांगायची त्यात पहिला पाहुणा होता, त्याला ती पाहुणा म्हणतच नसे. "मानूस आला" एवढंच म्हणायची. म्हणजे सावकाराचा कारभारी, नाहीतर रानाचा शिपाई, नाहीतर पोलीस. तो विचारत नसे. दारात येऊन खाट मागायचा. खाट नसेल तर दुसऱ्या पाड्यावरून आणायला लावायचा. डालगं उचलून कोंबडी स्वतःच निवडायचा. रात्रभर विस्तव राखायला घरातला बाप्या बाहेर बसायचा, आणि सकाळी त्याच बाप्याच्या डोक्यावर सामान देऊन पुढच्या गावापर्यंत चालवायचा. मजुरी काही नाही. त्याला वेठ म्हणत. पोर आजारी असो, भात कापायला आलेला असो, बोलावणं आलं की जायचं. गेला नाही तर मार.

हे एका आजीचं रडगाणं नव्हे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने सिमिंग्टन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याला आदिवासी भागांची पाहणी करायला लावली. त्याने आपल्या अहवालात ठाणे जिल्ह्यातली वेठ लिहून ठेवली आहे. सरकारी माणसानेच लिहिल्यामुळे ती कुणाला नाकारता आली नाही. वेठीच्या जोडीला लग्नगडी होता. लग्नासाठी सावकाराकडून थोडं कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. ते फिटत नसे.

वारली मुळात असा दबलेला नव्हता. जमीन गेली, रान गेलं, म्हणून दबला. १८६०च्या दशकात या किनाऱ्याने रेल्वे आली. रुळांखाली लाकूड लागलं, मुंबईत इमारतींना लाकूड लागलं. १८७८च्या वनकायद्याने रानावर सरकारची मालकी घट्ट झाली. ठाणे-कुलाब्यातल्या लोकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली सरकारला त्यासाठी वेगळं वनकमिशन नेमावं लागलं. माळावरच्या वरकस जमिनी सावकारांच्या हातात गेल्या. तिथलं गवत कापून, गाठी बांधून, आगगाडीने मुंबईच्या तबेल्यांना जाई. मुंबईच्या म्हशी जे गवत खात ते वारल्याने कापलेलं असे, आणि कापणारा रात्री आंबील पिऊन झोपे.

म्हणजे बघा, त्या काळी कुडाच्या घरात परका माणूस शिरला तर त्याला थांबवायचा हक्क घरवाल्याला नव्हता. दाराला ताटी होती, पण ती कुत्र्या-डुकरासाठी. माणसासाठी दार नव्हतंच.

दुसरा पाहुणा आला १९४५ साली.

त्या वर्षाच्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. उंबरगाव तालुक्यातले थोडे वारली तिथे गेले आणि आपली हकिगत सांगून आले. नंतर गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर या भागात आले. गोदावरीबाई पुण्याच्या गोखल्यांच्या, वकिलीची पदवी घेतलेल्या. २३ मे १९४५ रोजी झरी गावात सभा झाली. सुमारे पाच हजार वारली जमले. झरी आज तलासरी तालुक्यात आहे, तेव्हा सगळा उंबरगाव तालुकाच होता. १९६० साली राज्यं वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेलं आणि तलासरी इकडे राहिली. त्या सभेत ठरलं, की वेठ करायची नाही. लग्नगडी राहायचं नाही. मजुरीशिवाय काम करायचं नाही.

ठरवणं एका दिवसाचं, पण ते पाड्यापाड्यावर पोचवायला माणसं चालली. पावसाळा तोंडावर, सडका नाहीत, वाटेत नदी-ओहोळ. लाल बावट्याच्या माणसांना जमीनदाराच्या गावात कोण जागा देणार? ती राहिली आमच्यासारख्यांच्या कुडात. गोदूताईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ते दिवस लिहिले आहेत. त्या पुस्तकाला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शहरातल्या वाचकाने ते चळवळीचं पुस्तक म्हणून वाचलं. मी मास्तर झाल्यावर वाचलं तेव्हा मला त्यात वाट, पाऊस, चूल आणि आमची माणसं दिसली.

गोदूताई आमच्या घरी आल्या होत्या, असं मी सांगणार नाही. आज या भागात निम्मी घरं तसं सांगतात, आणि ते प्रेमापोटी सांगतात. आमच्या घरी आला तो एक जवान पोरगा. आजीला त्याचं नाव माहीत नव्हतं, कारण नाव विचारायचं नाही असंच ठरलेलं होतं. भर पावसात, चिखलाने माखून आला. दारात थांबला. आजी हे सांगताना नेहमी इथे थांबायची. मग म्हणायची, "त्याने इचारलं, आजच्या रात झोपू का?"

एवढीच गोष्ट. त्याने विचारलं. आजीच्या सगळ्या आयुष्यात धोतर-सदरा घातलेल्या माणसाने तिच्या दारात उभं राहून पहिल्यांदा विचारलं होतं. विचारलं म्हणजे ती नाही म्हणू शकत होती. ती हो म्हणाली. त्या दिवसांत भात संपलेला असतो, कणगी झाडली तरी दाणा पडत नाही. घरात कडूकंद उकडलेला होता. कडूकंद रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून, राख लावून, कितीदा धुऊन उकडला तरी थोडा कडू लागतोच. पोराने तो खाल्ला. तोंड वाकडं केलं, पण खाल्ला. सकाळी उठून पाणी भरायला आजीच्या मागे गेला. निघताना देण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. आजीने मागितलंही नाही.

असा पाहुणा ठेवणं फुकटचं नव्हतं. कळलं तर मार, कळलं तर कसायला दिलेली जमीन काढून घेत. पाड्यावरची पोरं झाडावर बसून वाटेवर नजर ठेवायची. कुणी दिसलं की कुकारी. कुकारी ऐकली की पाहुणा मागच्या बाजूने रानात.

पावसाळा संपला तशी गवत कापायची वेळ आली आणि वारल्यांनी दर सांगितला. पाचशे रत्तल गवत कापायला अडीच रुपये. तो आकडा आजच्या माणसाला काहीच वाटणार नाही. पण बापजाद्यांपासून दर सांगायचा तो शेटने, आणि बहुतेक वेळा शेटही सांगत नसे, देईल ते घ्यायचं. कापणाऱ्याने दर सांगायचा ही गोष्टच नवी होती. गवत उभं राहिलं. मुंबईच्या तबेल्यांपर्यंत त्याची झळ पोचली.

मग १० ऑक्टोबर १९४५ उजाडला. गोदूताई येणार, सभा आहे, असा खोटा निरोप जमीनदारांच्या बाजूने पसरवला गेला आणि तलवाड्याला हजारो वारली जमले. तिथे पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबर आणखी चौघे मेले. लोक रात्रभर तिथून हलले नाहीत, बाईंच्या जिवाला धोका आहे असं त्यांना वाटत होतं. परुळेकरांना पुढे जिल्ह्याबाहेर काढण्यात आलं. पण माणसं मागे हटली नाहीत. पुढच्या वर्षी रानतोडीच्या कामालाही दर मागितला, दिवसाला किमान सवा रुपया. वेठ गेली ती परत आली नाही. आज तलासरीत गोदूताईंच्या नावाचं कॉलेज आहे. आमच्या पाड्यावरच्या पोरी एसटीने तिथे जातात.

त्यानंतरचे पाहुणे मी स्वतः पाहिलेले. देवीची लस टोचणारा, मलेरियाचा फवारा मारणारा, जनगणनेचा मास्तर. फवारावाला भिंतीवर तारीख आणि आकडे लिहून जायचा. घरात लिहिता-वाचता येणारं कुणी नव्हतं, तेव्हा आमच्या भिंतीवरची पहिली अक्षरं ती. माझी आई त्या आकड्यांना हात लावू देत नसे. सरकारचं काहीतरी आहे, पुसलं तर पकडून नेतील, असं तिला वाटे.

त्याच भिंतींवर लग्नात चौक निघतो. गेरूच्या रंगावर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने. मध्ये पालघाट देवी. धवलेरी गाणी म्हणते, सवाशिणी चौक लिहितात. १९७०च्या आसपास शहरातली माणसं ही चित्रं शोधत आली. भास्कर कुळकर्णींनी कागद आणि रंग दिले, आणि भिंतीवरचं चित्र कागदावर उतरलं. आमच्याच तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आता मोठ्या शहरांच्या हॉटेलांच्या भिंतींवर आमची चित्रं असतात. ज्या घराच्या भिंतीवरून ती निघाली, त्या घराची भिंत पक्की करायला मात्र आम्हाला फार वर्षं लागली. आमचं घर आणि मागचा भाताचा तुकडा रानाच्या हद्दीत धरला होता. माझ्या बापाने एकदा जोत्याला दगड आणून टाकले. कुणीतरी साहेब येऊन म्हणाला, दगड उचल, नाहीतर घर उचलू. बापाने दगड उचलले. कुडाची भिंत मोडली तर एका दिवसात पुन्हा विणता येते, म्हणून आम्ही कुडात राहिलो. पाहुण्यांना ती कला वाटते. कुडाचं घर उन्हाळ्यात थंड असतं हे खरं आहे. पण पक्कं बांधायची भीती होती हेही तितकंच खरं. २००६चा वनहक्क कायदा आला, अर्ज केले, पुरावे गोळा केले, म्हाताऱ्यांचे जबाब घेतले. काही वर्षांनी पट्टा हातात आला. त्यावर आईचं नाव पाहिलं, तेव्हा ती म्हणाली, "आता दगड आण."

आणि आता हे तिसरे पाहुणे, ट्रेकवाले. २०१३ साली मुंबईची लोकल डहाणूपर्यंत आली. शनिवारी पहाटे निघालेली पोरं दुपारी गडाखाली असतात. त्यातल्या एकाने मला मोबाईलवर नॉर्वे देशातल्या डोंगरातली लाकडी घरं दाखवली. तिथे १८६८ साली निघालेली डोंगर चालणाऱ्यांची संस्था आहे. तिच्या पुष्कळ घरांत राखणदार नसतो. फडताळात डबे ठेवलेले. चालणारा येतो, चूल पेटवतो, काय खाल्लं ते लिहितो आणि त्याचे पैसे भरतो. न्यूझीलंडमध्ये तर सरकारची साडेनऊशेच्या वर अशी घरं आहेत. त्यातली कितीतरी मुळात हरणं मारायला नेमलेल्या शिकाऱ्यांसाठी बांधलेली. ऐकून मला फार बरं वाटलं. विश्वासावर चाललेलं घर कुणाला आवडणार नाही?

पण त्या घरांत कुणी राहत नाही. आमच्या घरात आई राहते. तिचा देव कोपऱ्यात आहे, तिची चूल आहे, पहाटे तिला उठून बकऱ्या सोडायच्या आहेत. ओट्यावर आठ जण झोपले तर ती त्यांना ओलांडून जात नाही, मागच्या दाराने वळसा घालते. कुणी फोटो काढला तर पदर सारखा करते आणि काही बोलत नाही. ती गप्प राहते त्याला पाहुणा पाहुणचार समजतो. मला ती जुनी सवय वाटते. घरात माणूस आला की गप्प राहायचं, ही सवय पहिल्या पाहुण्याने लावलेली आहे.

हे मनात आलं तेव्हा मला निवाडा सापडल्यासारखं वाटलं. मी आईजवळ बसलो. म्हटलं, आये, तुझ्या सासूच्या काळात जो फुकट राहायचा तो पाहुणा होता का? ती म्हणाली, नाय. मग म्हटलं, पाचशे रत्तलाला अडीच रुपये मागितले तेव्हा आपल्या माणसांनी लाज सोडली होती का? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तो कामाचा दर होता. भाकरीला दर नसतो." मी म्हटलं, भाकर भाजणं काम नाही का? भाकर थापताना तुझे हात दुखतात ते फुकट दुखतात का?

त्यावर ती हसली. पण मानली असं नाही. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच पुतण्याला बोलावलं आणि आपल्या अटी सांगितल्या. तो कागदावर लिहीत गेला. झोपायचा दर, जेवायचा दर, आधी सांगायचा, मागून घासाघीस नाही. यायचं तर आदल्या दिवशी विचारायचं, आणि आपण नाही म्हटलं तर राग धरायचा नाही. आवणीच्या दिवसांत आणि घरात दुखणं असेल तेव्हा कुणालाच ठेवायचं नाही. चुलीकडे आणि देवाकडे चपला घेऊन जायचं नाही. फोटो विचारून काढायचा. शेवटची अट सांगताना ती जरा मोठ्याने बोलली. वाट चुकून रात्री-अपरात्री कुणी आला, त्याच्याकडे पैसा असो नसो, त्याला पाणी, पेज आणि ओटा. त्याचा दर लिहायचा नाही.

पुतण्या म्हणाला, "आजी, मग सगळेच वाट चुकल्याचं सांगतील."

आई म्हणाली, "सांगू दे. इचारतील तर खरं."

पाटी लागली आहे. अक्षर माझं आहे, काठावरचा चौक सुनेने काढला आहे. गेल्या महिन्यात मुलुंडची सहा माणसं राहून गेली, दराप्रमाणे पैसे देऊन गेली, आणि आईने ते हातात घेतले, मोजले, कनवटीला लावले. कणगीच्या काठावर आता कुणाला चोरून पैसे ठेवावे लागत नाहीत. त्या पहिल्या आठ जणांचे हजार रुपये मात्र तिने अजून खर्च केलेले नाहीत. ती पोरं वाट चुकून आली होती, असं तिचं म्हणणं आहे. कधी परत आली तर परत द्यायचे.